अडीच इंची पाइप

शनिवार होता, खिशात चार हजार होते आणि हजर तिघं: मी, आमचा ट्रक चालवणारा भाऊ संभा आणि ज्यांच्या गॅरेजात आलो होतो ते आप्पा मेस्त्री. काल एका गॅरेजपाशी तापलेल्या सायलेन्सरवरच्या चंदेरी रंगाचा वास आला आणि वीस वर्षांमागची ती सकाळ आठवली.

ट्रक कोकणातून जांभा दगड घेऊन घाट चढायचा. सायलेन्सर सडला होता. मला साडेतीन इंची पाइप हवा होता, भारदस्त आवाजाचा.

"पावणं, आधी गाडी भरून आणा," आप्पा म्हणाले. "रिकाम्या गाडीला कुठलाबी पाइप चालतोय."

भरलेला ट्रक चढावर उभा केला. रुंद पाइप लावल्यावर गल्ली दणाणली, पण क्लच सोडताच ट्रक थरथरून दोनदा बंद पडला. घाटात असं झालं असतं तर? संभाच्या कपाळावर घाम होता.

"आवाज शर्यतीचा आन् जोर सायकलचा!" आप्पा हसले. "रुंद नळीत धूर सुस्तावतोय, मग गाडी उचलायचा खालचा जोर जातोय."

मग अडीच इंची पाइप लावला. आप्पांनी त्याच्या तोंडामागं वीतभर अंतरावर तळहात धरला, डोळे मिटले. "संभा, आता क्लच सोड की!"

ट्रक जवळजवळ आवाज न करता चढला. मी दगडांच्या मोजमापावर जगणारा माणूस. पण धुराच्या जोराचं एवढं अचूक माप तळहातावर घेताना मी कुणालाच पाहिलं नव्हतं.

पाइपचे अठराशे आणि बसवायचे दोनशे, असे दोन हजार आप्पांना दिले. त्या तळहाताचं त्यांनी काहीच लावलं नाही.