हळद लागली नव्हती म्हणून

दापोड्याच्या ज्या गोदामात मी पॅकिंगची लाइन सांभाळते, तिथे जेवणाच्या सुट्टीत बायका गोल करून बसतात आणि जगातल्या सगळ्या प्रश्नांवर माझं मत विचारतात. मी बी.ए. झालेली, रोज पेपर वाचणारी. उचलली जीभ, लावली टाळ्याला, असा माझा स्वभाव. म्हणून एका गुरुवारी खोक्यांना टेप मारणारी एक बाई डबा न उघडताच जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, बाईच्या मनात नसताना घरच्या मानसानं जबरदस्ती केली, तर पोलीस लिवून घेतात काय?" तेव्हा मी भाजी चावत चावतच म्हटलं, "का नाही घेणार? गुन्हा आहे तो."

मग तिने पदर बाजूला करून मनगटावरचे वळ दाखवले. मी डबा झाकला. ती अंबाडीच्या पुढच्या एका आदिवासी पाड्यावरची. तिशीही गाठली नव्हती, पदरात दोन मुलं. ती फार बोलली नाही. एवढंच म्हणाली, की आता हे मला सोसवत नाही आणि मारलं असं लिहून चालणार नाही, जे केलं तेच लिहायला हवं. मी अर्धी रजा टाकली आणि तिला स्कूटरवर मागे बसवलं. कंटेनरांच्या रांगेतून वाट काढत पोलीस ठाण्यात पोहोचेपर्यंत मी तिला धीर देत होते, कायदा आता किती बदललाय ते सांगत होते.

ठाण्यातली महिला अधिकारी चांगली होती. तिने पाणी दिलं, दार लोटून घेतलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मारहाणीचं लिहिते, छळाचं लिहिते. पण तुम्ही म्हणता ते कलम नवऱ्याला लागत नाही."

मला वाटलं, टाळतेय. म्हटलं, "दाखवा बघू कुठे लिहिलंय."

तिने रागावून न जाता मोबाइल माझ्यासमोर धरला. फौजदारी कायद्याची नवी संहिता, मराठीत. आधी संमती म्हणजे काय ते वाचलं. स्वतःच्या इच्छेने दिलेली, शब्दांनी किंवा खुणेने स्पष्ट कळवलेली. नुसता प्रतिकार केला नाही म्हणून संमती दिली असं धरायचं नाही. वाचून मला बरं वाटलं, कोणीतरी बाईच्या बाजूने विचार करून लिहिलंय असं वाटलं. त्याच्याच खाली अपवाद होता. नवऱ्याने स्वतःच्या बायकोशी केलं आणि ती अठरा वर्षांखालची नसली, तर तो बलात्कार नाही. मी ती ओळ पुन्हा वाचली. वर एवढी व्याख्या मांडून ठेवायची आणि खाली एका ओळीत देशातल्या सगळ्या लग्न झालेल्या बायकांना त्यातून काढून टाकायचं? माझे कान तापले. लाज वाटली, राग आला, आणि सगळ्यात जास्त नवल वाटलं, की इतकी वर्षं संसार करून ही गोष्ट मला ठाऊकच नव्हती.

"हे सगळ्यांना माहीत असतं?" मी विचारलं.

"जी इथे येते तिला कळतं," अधिकारी म्हणाली आणि तिने पेन उचललं. "बरं ताई, लग्न कधी झालं?"

"लगीन?" ती बाई गोंधळून म्हणाली. "लगीन झालंच न्हाय अजून."

अधिकारीबाईचं पेन थांबलं. मग त्या बाईने समजावून सांगितलं. त्यांच्यात दोन्ही घरांची मान्यता असली की मुलगी मुलाच्या घरी राहायला जाते. लग्न मागाहून, जमेल तेव्हा. हळद, मांडव, पाड्याला जेवण, हे सगळं काही वर्षांनीसुद्धा होतं. तिच्या आईबापाच्या लग्नात ती स्वतः आईच्या कडेवर होती. गोदामात ती त्याला नवराच म्हणायची, म्हणून मीही तसंच धरून चालले होते.

अधिकारी हळूच म्हणाली, "मग ते कलमही लिहिता येईल."

ती लगेच लिहूनच घेणार होती, पण बाईने हात जोडले. "पोरं त्याच्या घरी हायत. आधी पोरं आईकडं आनते, मंग येते."

दुसऱ्या दिवशी मी एकटीच माझ्या ओळखीच्या वकीलबाईंकडे गेले. त्या जुन्या कोकणी मुसलमान घरातल्या, खाली भावांचा यंत्रमागांचा कारखाना आणि वर त्यांचं ऑफिस. शुक्रवार असल्याने लूम बंद होते, नाहीतर तिथे ओरडून बोलावं लागतं. त्या म्हणाल्या, "समोरचा वकील सांगणार, रिवाजाने ती बायकोच आहे. भांडावं लागेल. लेकिन हळद लागली नाही, ही आपली बाजू."

"आणि आता लावली तर?"

"जे झालं ते पुसलं जात नाही. पण पुढचं?" त्यांनी खांदे उडवले. "पुढे कोण विचारणार तिला?"

त्या रात्री जेवताना मी नवऱ्याला विचारलं, तुला हा कायदा माहीत होता? तो सज्जन माणूस आहे, माझ्यावर कधी आवाज चढवलेला नाही. म्हणाला, "असेल तसा. आपल्याला काय करायचंय त्याच्याशी?" आणि त्याने आमटी वाढून घेतली. मला जेवण गेलं नाही.

शनिवारी ती कामावर आली नाही. फोन केला तर तिची आई बोलली, आणि आवाजात नुसता आनंद. "मॅडम, उद्या या. पोरीचं लगीन हाय."

झालं होतं असं. मुलांना घेऊन माहेरी आल्यावर तिने आईला खरं ते सांगितलं, पोलीस काय म्हणाले तेही सांगितलं. आईने भावाला सांगितलं, भाऊ त्या माणसाच्या घरी बोलायला गेला. तिथल्या कुणा जाणत्याने सल्ला दिला, हळद लावून टाका, मग कसली केस. ती माणसं साडी घेऊन दारात आली, चुकलं म्हणाली. आणि इतकी वर्षं राहिलेलं लग्न अखेर लागतंय, म्हणून आईला वाटलं देव पावला. लेकीवर अन्याय करतोय हे तिच्या मनातही आलं नसेल. मला मात्र हसावं की रडावं कळेना.

रविवारी स्कूटर घेऊन गेले. वज्रेश्वरीच्या बसमधून उतरून पाहुणे पायवाटेने येत होते. घरापुढे पानांचा मांडव, आत भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला लग्नाचा ताजा चौक, आणि त्याच्यासमोर ती पिवळ्या साडीत खाली मान घालून. मी तिच्या कानाशी वाकले. "तू हो म्हणालीस?"

"मना कोनी इचारलंच न्हाय."

एवढ्यात धवलेरी आली. त्यांचं लग्न भटजी लावत नाही, ही म्हातारी बाई गाणी म्हणून लावते. ती गायली नाही तर लग्न नाही. तिने हळदीची वाटी घेतली, बोटं बुडवली आणि हात पुढे केला. पिवळ्या साडीतल्या त्या बाईने म्हातारीचं मनगट धरलं.

"मना हलद न्हाय लावाची."

कोणी हसलं, कोणाला वाटलं लाजते आहे. आई पुढे झाली, "अगो, असं काय करतं?" ती पुन्हा तेच म्हणाली, तेवढ्याच आवाजात. धवलेरीने तिच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मग वाटी खाली ठेवली, बोटं चुलीजवळच्या फडक्याला पुसली. "पोरीच्या मनात न्हाय. मी कुनासाठी गाऊ?" आणि ती उठून बाहेर गेली. तिला कोणी अडवलं नाही. मी आजवर कुठल्याही मांडवात असं पाहिलेलं नाही.

सोमवारी सकाळी अधिकारीबाईने तक्रार लिहून घेतली, ज्या कलमाखाली लिहायची त्याच कलमाखाली. "तो तुझा कोण लागतो?" असं विचारल्यावर ती म्हणाली, "कोनी न्हाय."

परत येताना ती स्कूटरवर मागे बसली होती. पुढे कंटेनर अडकला होता म्हणून मी गाडी थांबवली. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काळजीने विचारलं, "मॅडम, तुमची हलद लागलेली हाय ना? मंग तुमचं कोन लिवून घेल?"

प्रत्येक प्रश्नावर मत असणारी मी, पुढचा कंटेनर कधी हलतो तेच बघत राहिले.