डोस मोजणारे शेजारी

खरवईत आमच्या समोरच्या फ्लॅटमधले भाऊ रेडिएशनचा डोस मोजणाऱ्या प्रयोगशाळेत आहेत. बोलताना 'नक्की' म्हणायचं ते टाळतात. चहातली साखरसुद्धा 'साधारण एक चमचा' सांगतात.

माझ्या बायकोचं कॅन्सरचं रेडिएशन सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सकाळी ते आले. ती घाबरली होती.

"डोस जास्त पडला तर?" तिने विचारलं.

"वहिनी, हॉस्पिटलचं डोस मोजायचं मीटर आमच्या मापाने तपासतात. आणि आमचं माप आम्ही दुसऱ्या देशांच्या मापांशी ताडून बघतो. एकदा किंचित फरक आला. पुन्हा मोजलं, तर चूक आमचीच निघाली. सुधारली."

"तुमचंही चुकतं?"

"चुकतं ना. म्हणून तर ताडून बघतो."

त्या कबुलीनेच तिला धीर आला. दुसऱ्या दिवशी फाईल काखेत घेऊन ती माझ्याआधी दारात उभी होती.