एक ‘च’ कमी

स्टुडिओत तिला सगळे रडूबाई म्हणायचे. पडद्यावरच्या नट्यांना आवाज द्यायचं काम, आणि नट्यांच्या वाट्याला काय? रडा, किंचाळा, माफी मागा! बावीस वर्षं तिनं हेच केलं. एरवी बाई एवढी तिखट, की चहावाला तिचा कप अर्धा भरायला धजत नसे.

त्या दिवशी प्रसंग नेहमीचाच. नवरा बायकोच्या थोबाडीत मारतो आणि बायको म्हणते, “माझंच चुकलं.” कागदावर ते वाक्य बघितलं आणि रडूबाईच्या मस्तकात तिडीक गेली. चार दिवसांपूर्वी लेक सासरहून घरी आली होती, गाल सुजलेला. काय झालं विचारलं, तर म्हणाली, “आई, माझंच चुकलं.” आणि तेही हुबेहूब आईच्या सुरात, शेवटचा हुंदका गिळून! घरात आईची तालीम ऐकतच वाढलेली पोर. हिच्या काळजाला घरं पडली.

“चला, बाई,” काचेपलीकडून दिग्दर्शक म्हणाला. पडद्यावरचे ओठ हलले. रडूबाई म्हणाली, “माझं चुकलं?”

“बाई, ‘च’ खाल्लात.”

“खाल्ला नाही, काढला. दोन च शेजारी शेजारी आहेत. एक गेला तरी ओठांना पत्ता लागत नाही. बघा की लावून!”

रेकॉर्डिंगवाल्या काकांनी लावून बघितलं. तंतोतंत बसलं. काका गालातल्या गालात हसले, दिग्दर्शकाचा मात्र पारा चढला. “अहो, सोशिक बाई आहे ती! लोकांना अशीच आवडते. नीट म्हणा, नाहीतर उद्यापासून दुसरी बघतो.”

“बघा खुशाल. रडणाऱ्या पैशाला पासरी मिळतील. माझा ‘च’ संपला.”

हेडफोन टेबलावर ठेवून ती निघाली. जिना उतरताना एकदा मागं वळून बघितलं, खोटं कशाला बोला? बावीस वर्षांचं काम होतं ते.

घरी लेकीची सासरी परत जायला बॅग भरलेली, फोन कानाला. “आधी माफी माग!” जावयाचा आवाज पार दारापर्यंत येत होता.

“माझंच...” लेकीनं सुरुवात केली.

“त्यातला एक च काढ गं,” चपला काढता काढता आई म्हणाली. “त्याच्यापायी आज काम सोडून आलेय मी.”

लेक थबकली. आईकडे बघत राहिली. मग सूर चढवून फोनमध्ये म्हणाली, “माझं चुकलं?”

लेकीनं फोन ठेवला आणि बॅगेतले कपडे परत कपाटात लावायला घेतले.