मागणं वजा करून

देवालासुद्धा तोंडी परीक्षेला उभं करतील असे गृहस्थ आमच्या अख्ख्या वसईत एकच, आणि माझं नशीब असं की ते माझ्या बायकोचे मामा निघाले. शाळेत मला गणित त्यांनीच शिकवलेलं. त्यामुळे लग्नानंतर 'जावईबापू' वगैरे लाड झाले नाहीत. 'अरे गाढवा'वरून 'अरे'वर, एवढीच काय ती बढती. रविवारी मिस्सा सुटली की मामा चर्चच्या फाटकात उभे राहत आणि लोक केळी, लग्नं, जागांचे भाव यांवर घसरायच्या आत एकेकाला गाठत. "आज मनापासून किती वेळ होतास?" शहाणी माणसं बाजूच्या दाराने पसार होत. मी एकदा छाती पुढे काढून म्हणालो, "पूर्ण वेळ, मामा." "मग बायबलमधलं पहिलं वाचन कशाचं होतं?" मला काही केल्या आठवेना. पहिलं वाचन मीच केलं होतं.

पण दुसऱ्यांना तपासायचं आणि स्वतःला सोडायचं, असं त्यांचं नव्हतं. एका उपवासकाळात त्यांनी चहा सोडला. दहाव्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की ही गोष्ट आपण चौघांना सांगितली आणि सांगताना आपल्याला बरं वाटलं. झालं! त्याच संध्याकाळी ते फादरांकडे गेले, "माझा त्याग खोटा निघाला" म्हणाले आणि त्यांच्यासमोर बसून दोन कप चहा प्यायले. फादरांनीही चहा सोडला होता. ते बिचारे नुसते वासावर होते. प्रार्थनेसाठी तर मामांची एक रीतच ठरलेली. "प्रार्थनेतून मागणं वजा कर. उरेल तेवढंच देवावरचं प्रेम." मी घरी करून पाहिलं. नोकरी, मुलीची ॲडमिशन, माझी पाठ आणि शेजाऱ्याची बदली एवढं वजा केल्यावर फक्त 'आमेन' उरलं.

या वजाबाकीवर आम्ही वर्षानुवर्षं हसलो. मग मामी आजारी पडल्या आणि हसणं आटलं. मामी अर्नाळ्याच्या, कोळ्यांची लेक, बोलायला फटकळ. मामा त्यांची पेज करत, अंग पुसत, पाय चेपत. फक्त देवाकडे त्यांच्यासाठी काही मागत नसत. मी भेटायला गेलो की मामी म्हणायच्या, "पानी देतात, औषद देतात. पन चाळीस वरसं संसार केला, माझ्यासाठी देवाकडं तोंड उघडवत नाय यांना. हे कसलं मानूस?"

मी मामांना स्वयंपाकघरात गाठलं. ते पेज गाळत होते. "आज मागितलं आणि ती बरी झाली," ते म्हणाले, "तर उद्यापासून मी देवावर प्रेम करतोय की उपकार फेडतोय, हे मला कळणार कसं?"

"आणि मागून नाही बऱ्या झाल्या तर?"

गाळणीतलं सगळं गळून गेलं तरी ते गाळणी हलवत राहिले.

मग मी माझ्या आयुष्यातला सर्वांत हुशार मूर्खपणा केला. चर्चमध्ये विश्वासू जनांच्या प्रार्थना वाचायचं काम माझ्याकडे. पुढच्या रविवारी मी कागदावर एक ओळ घुसडली आणि खणखणीत वाचली: "आजारी पत्नीला आरोग्य मिळावं म्हणून आपले गणिताचे मास्तर देवाकडे विनवणी करत आहेत." हे मामींसाठी केलं, असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे मामींसाठी थोडं आणि मामांचा चेहरा बघण्यासाठी बरंच. तो चेहरा बघायला मिळाला. शेवटच्या बाकावरून ते उठले आणि मिस्सा अर्धी टाकून निघून गेले.

मिस्सा संपताच मी मागोमाग गेलो. त्यांचं घर मैलभर लांब आणि त्यांचा गुडघा दुखरा. अंगणातच मी त्यांना गाठलं. आत मामी पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. आजाऱ्यांसाठी हल्ली मिस्सा मोबाइलवर दाखवतात, तो मोबाइल त्यांनी छातीशी धरला होता. "आयकलं मी," त्या म्हणाल्या. "मागितलंत ना शेवटी?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. शाळेत माझी कॉपी पकडली होती तेव्हासुद्धा त्यांनी असं बघितलं नव्हतं. मग ते पलंगाशी गेले आणि म्हणाले, "हो."

बाराव्या दिवशी मामी गेल्या.

मला शिव्या हव्या होत्या, त्या मिळाल्या नाहीत. मामांचं फाटकात उभं राहणं बंद झालं. लोकांना हायसं वाटलं. आता मिस्सेनंतर जागांचे भाव निवांत निघतात. मामा एकदाच बोलले, तेही मामींच्या कबरीवरच्या क्रुसाला हार घालताना, पाठमोरे. "तिच्यासाठी मागायला मी घाबरलो, अरे. देव नाही म्हणाला असता, तर माझं प्रेम टिकलं नसतं. ते प्रेम जपायला निघालो आणि तिला कोरडं ठेवलं. आता तर मागितलंही नाही आणि टिकलंही नाही."

मामींच्या वर्षमिस्सेला त्यांनी माझ्या हातात चिठ्ठी दिली. फळ्यावरचंच टपोरं अक्षर: 'पत्नीच्या आत्म्याला शांती मिळावी. मागणारा, पती.' "मागणाऱ्यासकट वाच," म्हणाले.

मी वाचली. सगळं चर्च उठून उभं होतं. मामा पहिल्या बाकाशी होते आणि वेदीकडे पाहत नव्हते. घरच्या आजाऱ्यांना मिस्सा दाखवायला खांबाला लावलेल्या मोबाइलकडे मान वर करून पाहत होते.

मिस्सा सुटल्यावर ते फाटकात थांबलेले दिसले. मी मनातल्या मनात पहिलं वाचन घोकत पुढे झालो.

"आवाज नीट पोचला ना रे?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "हो."