बापाचं काहीच न घेणाऱ्या मासोळ्या

आमच्या झाडीपट्टीत मासा म्हणजे बोडीतून, गावतळ्यातून, जाळ्यात आणि जाळ्यातून रश्श्यात. काचेच्या पेटीत ठेवून त्याच्याकडे नुसतं बघत बसणारं माणूस मी पहिल्यांदा बदलापूरला पाहिलं. तिथल्या शिरगाव भागातल्या काकू. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या आणि एकट्याच राहणाऱ्या. मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला लागले तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मिस्टर अंबरनाथच्या एका कंपनीत कामाला होते, खोली चामटोलीला होती, आणि गाव इतकं लांब की आईला ताप आला तर मी पोचेपर्यंत तो उतरून जायचा.

स्वयंपाकाला म्हणून लागले आणि हळूहळू टाक्याही माझ्याच झाल्या. नळाचं पाणी तसंच ओतायचं नाही, त्यातलं औषध माशांना बाधतं. ते पिंपात रात्रभर ठेवून शिळं करायचं, आणि तेही निम्मंच बदलायचं. मी फार घाबरत घाबरत करायची. एक जरी मासा उताणा दिसला तरी वाटायचं, गेलं काम. काकू म्हणायच्या, "अगं, मेला तर मेला. तू का पांढरी पडतेस?" पण मी पडायचीच. भीती माझ्या अंगातच आहे, काय करणार!

खिडकीजवळच्या टाकीत राखाडी, साध्याच दिसणाऱ्या मॉली होत्या. उल्हासनगर कॅम्पातल्या एका मासेवाल्याकडून आलेल्या. तो सिंधी माणूस वैतागलाच होता म्हणे. गिऱ्हाईक जोडीनं मासे मागतं आणि ह्यांच्यात जोडी लागतच नाही. "बाई, इसमें नर आता ही नहीं. मेरे किस काम के? आप पढ़ी-लिखी हो, आप संभालो," असं म्हणून त्यानं पिशवीच काकूंच्या हातात दिली. काकूंना मात्र लॉटरी लागल्यासारखं झालं. पुढे किती वेळा पिल्लं झाली, सगळ्या माद्याच. सगळ्या एकसारख्या.

"मग पिल्लं होतात कशी जी?" मी विचारलं.

"तो काळा दिसतोय ना? तो दुसऱ्या जातीचा नर. तो लागतो. पण त्याचं बीज अंड्याला फक्त जागं करतं. त्याच्यातलं पिल्लात काही उतरत नाही. लेक म्हणजे आईची हुबेहूब नक्कल."

"मग तो येडा आहे का, फुकटचा राबायला?"

काकू खूप हसल्या. "त्याचाही फायदा आहे. त्याच्या जातीच्या माद्या बघत असतात. याला मागणी आहे म्हटल्यावर त्याही त्याच्याच मागे लागतात."

त्यांनी मला मूळ गोष्टही सांगितली. लाखभर वर्षांपूर्वी मेक्सिकोकडच्या पाण्यात दोन वेगळ्या जातींची जोडी जमली. अशी मिसळीची पिल्लं बहुतेक वेळा वांझ निघतात. त्यातली एक लेक मात्र तगली, आणि तिनं नराचं काहीच न घेता आपल्यासारख्याच लेकी जन्माला घालायला सुरुवात केली. ह्या सगळ्या तिच्याच लेकींच्या लेकी. "पण यात धोकाही आहे," काकू म्हणाल्या. "आईत एखादी चूक शिरली की लेकीत तीच, नातीत तीच. धुऊन निघायला वाट नाही. म्हणून शास्त्रज्ञांना वाटायचं, ह्या केव्हाच संपायला हव्या होत्या. तर ह्या ठणठणीत! का, ते अजून पुरतं कळलेलं नाही."

मी हसून सोडून दिलं. तेव्हा मला दिवस गेलेले नव्हते.

दिवस गेल्यावर सरकारी दवाखान्यात नाव घातलं आणि घरातल्या आजारांचं विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं. माझ्या धाकट्या भावाला सिकलसेल आहे. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, नसांत अडकतात, आणि मग हाडं कुणी आतून पिळतंय असं दुखतं. मी लहान होते तेव्हा आईबाबा धानाच्या रोवणीला जायचे. दुखणं उठलं की त्याचे हातपाय शेकायला, पाणी पाजायला घरी कुणीतरी लागायचं. आठवीनंतर ते कुणीतरी मी झाले. शाळा सुटली त्याचं इतकं वाईट वाटलं नाही. तो "ताई, आता बस कर" म्हणून माझाच हात बाजूला सारायचा, ते अजून सोसत नाही.

माझी तपासणी झाली. मी वाहक निघाले. म्हणजे मला आजार नाही, पण तो माझ्यात लपलेला आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नवऱ्याचं रक्त तपासायला हवं. तोही वाहक निघाला तर बाळाला आजार होऊ शकतो. उशीर करू नका, वेळेत कळलं तर बाळाची पोटातच तपासणी करून पुढचं ठरवता येतं."

मिस्टर ऐकेनात. "मी कंपनीत ड्रम लोटतो. मले कधी काही झालं का?"

"वाहकाला काही होतच नाही म्हणतात. मला कुठं काय होतं?"

"मग काहून तपासाचं?"

सासूबाई फोनवर म्हणाल्या, "आमच्या घरी नाही बा असलं काही. थे तुह्या माहेरचं आहे." त्या वाईट नव्हत्या, पण त्या बोलल्यावर मिस्टरांचा जीव हलका झाला आणि माझा जड. दवाखान्यातून पुन्हा विचारणा झाली. मिस्टरांचं आपलं, आज सुट्टी नाही, उद्या ओव्हरटाइम आहे. मी काकूंना काही सांगितलं नव्हतं. परक्या गावात डोक्यावर हात ठेवणारं एकच माणूस, त्यालाही आपल्या घरातलं दुखणं कशाला दाखवायचं?

एका रविवारी काकूंच्या टाकीचा पंप बंद पडला. मिस्टरांना अशा कामाची हौस. ते पाना घेऊन आले, पंप उघडून बसले, आणि काकू शेजारी स्टुलावर बसून त्यांना मॉलीची गोष्ट सांगू लागल्या. नवीन श्रोता मिळाला की त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा चढायचा.

मिस्टर पाना तसाच हातात धरून ऐकत राहिले. मग माझ्याकडे वळले आणि एकदम खुलले. "ऐकलं का? बाप नुसता उठवाले येतो! सगळं मायचंच. मग माह्यं रक्त कायले काढता?"

"कसलं रक्त?" काकूंनी विचारलं.

मिस्टर पुन्हा पंपात डोकं घालून बसले. शेवटी मीच सांगितलं, भावाचं, माझं, दवाखान्याचं, सगळंच. काकूंचा चेहरा उतरला. मला वाटलं माझ्यावर रागावल्या. पण त्या उठल्या आणि मिस्टरांना म्हणाल्या, "तुम्ही इकडे या. मी तुम्हाला अर्धाच धडा शिकवला."

मागच्या अंगणात त्यांच्या गप्पींचं घमेलं होतं. डासांच्या अळ्या खातात म्हणून नगरपालिकेची माणसं नाल्यांत सोडतात तेच मासे. काकू म्हणाल्या, "ह्या घमेल्यात मी एकच नर सोडला होता. त्या कडेच्या बरणीत आहे तो. शेपटीजवळ काय दिसतं?"

"काळा डाग, मॅडम."

"आता ही वाढलेली पिल्लं बघा."

मिस्टर उकिडवे बसले. छोटे छोटे नर इकडून तिकडे पळत होते. बराच वेळ ते बोटानं त्यांचा माग काढत राहिले. "ह्याले आहे... ह्यालेही आहे..."

"कुणाचा आहे तो डाग?"

"बापाचा."

"माशांमध्येही बहुतेकांचं असंच असतं. ती मॉली आहे अपवाद. आणि तुम्ही मॉलीच्या घरात लग्न केलेलं नाही." मिस्टरांना हसू फुटलं, तसं काकूंनी पुढचं घाईघाईनं सांगून टाकलं. "अहो, त्या मॉलीलासुद्धा बाप चुकलेला नाही. पहिली लेक झाली तेव्हा निम्मा बाप तिच्यात आला, तो आजही प्रत्येकीत आहे. तुमच्या बाळात निम्मे तुम्ही असणार. हिच्याकडून दोष गेला आणि तुमच्याकडूनही गेला तरच आजार होतो. तुमच्याकडून चांगलं गेलं, तर हिचा दोष तिथंच झाकला जाईल."

"म्हणजे मी वाचवूपण शकतो?"

"शकता. पण तुमच्याजवळ काय आहे ते आधी बघायला हवं ना?"

मग काकू माझ्याकडे वळल्या. "तुझ्या भावाचंही तसंच. आई आणि बाबा दोघांत ते लपलेलं होतं. त्याच्या वाटणीला दोन्हीकडून वाईट आलं, तुझ्या वाटणीला एकीकडून. यात कुणी काही केलेलं नाही, बाळा." मी त्याच्यापेक्षा मोठी, मीच कशी सुटले, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. न विचारता उत्तर मिळालं, तर मला रडू आवरेना. मिस्टर घमेल्यातच बघत राहिले.

आम्ही रिक्षानं घरी निघालो. चामटोली आली तेव्हा मिस्टर हळूच म्हणाले, "ड्रमाचं मी उगाच सांगत होतो. मले भेव वाटते. असलं तं?"

"तर आपण दोघं असू," मी म्हटलं. भीती मलाही वाटत होती, पण त्यांनी ती बोलून दाखवली म्हणून माझी निम्मी कमी झाली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कंपनीत सुट्टी टाकली. काकूही आल्या. नको म्हटलं तरी आल्या, आणि बाकड्यावर आमच्या मधोमध बसल्या. नात्याच्या ना गोत्याच्या. सुई टोचताना मिस्टरांनी डोळे मिटले तर काकू म्हणतात कशा, "ड्रम लोटता ना हो तुम्ही?"

रिपोर्ट यायला वेळ लागला. त्या दिवसांत मी काय रांधलं ते मला आठवत नाही. आमटीत मीठ दोनदा पडलं असेल, काकूंनी बिनबोभाट खाल्ली. मिस्टर जेवताना मधेच विचारायचे, "दोघंही निघालो तं काय करतात?" आणि मी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेवढं पुन्हा सांगायची.

मिस्टर वाहक नव्हते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ फार तर तुझ्यासारखं वाहक होईल, भावासारखं आजारी होणार नाही. मी दोनदा विचारून घेतलं. तिसऱ्यांदा मिस्टरांनी विचारलं.

दवाखान्याच्या फाटकाबाहेरूनच त्यांनी आईला फोन लावला. "माय, मी रक्त तपासलं... काही नाही, चांगलं आहे... नाही, भांडाले नाही केला फोन. आपल्या धाकट्यालेही सांग, लग्नाआधी तपासून घे म्हणा. पोरीचंही आणि त्याचंही." पलीकडून काय आलं कोण जाणे, पण हे आवाज न चढवता तेच तेच सांगत राहिले.

संध्याकाळी मी भावाला फोन केला. तो दोन दिवस अंथरुणातच होता, तरी आवाज खुशीतला काढला. मी सगळं सांगितलं, घमेल्यातल्या डागासकट.

"म्हणजे भाचा माह्यासारखा नाही होणार?"

"नाही."

"नाक तरी घेऊ दे ना माह्यं! आपल्या घरात एकच सरळ नाक आहे."

"नाक घेईल. खोडीही घेईल."

"घेऊ दे. बाकीचं राहू दे माह्याजवळच. थे एकट्यापुरतं ठीक आहे, ताई."

मिस्टरांनी माझ्या हातातून फोन घेतला, खोलीबाहेरच्या पायरीवर बसले, आणि ते दोघं कितीतरी वेळ क्रिकेटवर भांडत राहिले.