बटणांच्या डब्यातल्या गोळ्या

माझ्या मोठ्या जाऊबाई शिवणकाम करतात. त्यांच्याइतकी काटकसरी बाई मी पाहिलेली नाही. उरलेली पट्टी टाकायची नाही, बॉबिनवरचा दोरा फेकायचा नाही. इथवर ठीक. पण हाच नियम त्यांनी औषधांनाही लावला, आणि माझं डोकं फिरलं ते तिथे.

गल्लीत कुणाच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या उरल्या की त्या जाऊबाईंच्या बटणांच्या डब्यात यायच्या. नाव कसलं नि तारीख कसली! कापडाला दोरा जुळवावा तशी त्या रंग बघून गोळी द्यायच्या. लाल-पिवळी कॅप्सूल घशाला, पांढरी लांबट पुवाला. साध्या सर्दीलासुद्धा, जिथे या गोळ्यांचा काडीचा उपयोग नाही. आणि लोकही असे दीडशहाणे, की आनंदाने घेऊन जायचे.

मग एकदा मशीनची सुई त्यांच्याच तर्जनीत घुसली. बोट सुजलं, त्यांनी डब्यातली पांढरी घेतली. जरा उतरलं की बंद. पुन्हा सुजलं, तेव्हा लाल-पिवळी. शेवटी बोट काळंनिळं पडून ताप चढला, तेव्हा मी त्यांना ओढतच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी पू तपासायला पाठवला. रिपोर्ट आल्यावर म्हणाल्या, "एक औषध जंतूची भिंत फोडतं, दुसरं त्याला प्रथिनं बनवू देत नाही, तिसरं त्याला एकाचे दोन होऊ देत नाही. कुठल्या जंतूला काय लागू पडतं ते बघून द्यायचं असतं. या बोटातले जंतू डब्यातल्या दोन्ही औषधांना दाद देत नाहीत. आता वेगळ्या जातीचं, इंजेक्शनातून सुरू करते. त्यानेही भागलं नाही, तर बोट काढावं लागेल."

शिवणारीचं बोट! जाऊबाई आपल्या "बघू" म्हणाल्या.

नशीब, त्या इंजेक्शनांनी सूज उतरली. पुढच्या गोळ्या घरी घ्यायच्या होत्या, एकही न चुकवता. डब्यातल्या जुन्या गोळ्या मी आधीच फेकून दिल्या होत्या, बटणं तेवढी ठेवली होती.

काल एक बटण हवं होतं म्हणून तो उघडला. आत त्याच नव्या गोळ्यांची अर्धी पट्टी, कात्रीने अगदी सरळ कापलेली.

"ताई, ही काय भानगड?"

"अगं, बोट आता दुखत नाही. तुझ्या लेकीचा घसा सारखा धरतो ना, तिच्यासाठी ठेवली."

मी भयंकर चिडले. माझ्या पोरीसाठी ही बाई स्वतःचं बोट पणाला लावत होती, आणि वर तिच्याच घशात भलतं औषध ओतणार होती. मी पाणी आणलं, गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली आणि ती गिळेपर्यंत समोरून हलले नाही.