अंगठा तिचा, शब्द माझे

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. नोकरीत दरोडेखोर पकडले, त्यांच्या गोष्टी नातवंडांना मिशीला पीळ देत सांगतो. ही मात्र घरात कुणालाच सांगितलेली नाही. आता लिहून टाकतो. नाव कुणाचंच घेणार नाही. दोष माझा होता, तेवढा झाकणार नाही.

साठ सालानंतरचे ते दिवस. मी पनवेल ठाण्यात फौजदार होतो. वय तिशीच्या आत आणि डोक्यात हवा. एके सकाळी हजेरी आटोपते न आटोपते तोच एक निवृत्त शिक्षक आत आले. त्यांच्या शेजारी एक बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातले यहुदी, गृहस्थ राहत, कचेरीत कारकून. ते दोन महिन्यांत निम्मे झाले होते.

"साहेब, माणूस डोळ्यांदेखत संपतोय हो," शिक्षक म्हणाले. "अन्न पोटात ठरत नाही. परवा टोपी पडली, तर डोक्यावर एक केस नाही! बायको विचारलं की विषय बदलते. आणि एक आगरीण रोज गाठोडं घेऊन येते, आली की दार बंद. बाळंतिणींना तेल लावणारी ती. तिचं पुरुषमाणसाकडे काय काम?"

शिक्षक भला माणूस. मनापासून काळजीने आला होता. पण उलट्या आणि गळलेले केस एवढं ऐकताच माझ्या डोक्यात एकच शब्द वाजला, सोमल. बायको आणि तेलवाली मिळून नवऱ्याला थोडं थोडं विष देताहेत, हे मी खुर्चीत बसल्या बसल्या ठरवूनही टाकलं.

आमचे जुने हवालदार म्हणाले, "साहेब, आजारी माणसालाच एकदा विचारून बघू या का?"

"आणि बायकोला सावध करू? काय बोलता, हवालदार!" मी त्यांना गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. त्या तेलवालीला खाडीकडून येणाऱ्या रस्त्यावरच उचललं. पन्नाशीची, मिठागरात राबून तळपायांना भेगा पडलेली. गाठोड्यात खोबरेल तेलाची बाटली, आमसुलं, सुंठीचा तुकडा आणि भिजवलेल्या काळ्या मनुकांचं पाणी निघालं. दोन पंच बोलावले, पंचनामा केला, लाखेचं सील ठोकलं आणि मुद्देमाल रासायनिक तपासणीसाठी मुंबईला धाडला.

दमात घेतलं की अशी माणसं पहिल्या पाच मिनिटांत रडतात, असा माझा अनुभव. ही रडली नाही.

"त्या घरात काय करतेस?"

"भाऊंचे अंगान इख घातलंय, सायेब. ता मी उतरवतंय."

इख म्हणजे विष. मी टेबलावर हात आपटला. "कोणी घातलं?"

"मोठे लोकांनी. बऱ्यासाठी घातलंय."

"बऱ्यासाठी! वा! त्यांच्या बायकोला ठाऊक आहे?"

"वयनीला सगला म्हाईत हाय."

"मग मलाही सांग, त्यांना झालंय काय?"

"ता मी नाय सांगनार. वयनीला वचन दिलंय."

मी जबाब लिहून काढला. त्या काळी सगळे लिहीत तसाच, शुद्ध सरकारी मराठीत. 'सदर इसमाच्या अंगात विष घातले असून ही गोष्ट त्यांच्या पत्नीस माहीत आहे, असे मी खुशीने सांगते.' उतरवण्याचं मी गाळलं, बऱ्यासाठीचंही गाळलं. बाईचा बकवास, कागद कशाला भरायचा? खाली तिचा अंगठा घेतला.

पुढचं लिहिताना लाज वाटते. तिला मी दोन दिवस ठाण्याच्या मागच्या पडवीत बसवून ठेवलं. राखणीला हवालदारांची बायको. डायरीत नोंद नाही, अटक नाही, काही नाही. दर थोड्या वेळाने बाई म्हणायची, "सायेब, मना जाऊ द्या. माज्याबिगर भाऊंचे पोटान पानी नाय ठरत."

"म्हणजे उताराही तूच देतेस तर!" मी हसलो होतो. हो, हसलो होतो.

बुधवारी दुपारी त्या कारकुनांची बायको स्वतः ठाण्यात आली. जिला मी त्याच संध्याकाळी आणवणार होतो, ती! पदराने घाम टिपत म्हणाली, "साहेब, आमच्याकडे तेल लावायला येणारी मावशी हरवली आहे. तीन दिवस झाले, घरीही पोचलेली नाही. तक्रार लिहून घ्या."

विष घालणारी बाई साथीदाराच्या शोधात पोलिसांत येत नाही, एवढं माझ्याही डोक्यात शिरलं. तेवढ्यात पडवीतून हाक आली, "वयनी! मी हितं हाय!"

ती धावत आत गेली. मग ती माझ्याकडे वळली आणि ठाण्यात आलेल्या दहाजणांसमोर ओरडली, "कॅन्सर आहे हो माझ्या नवऱ्याला! मुंबईला इंजेक्शनं चालू आहेत. शनिवार पाळणारा माणूस, परवाच्या शनिवारी देवाची क्षमा मागून सुई घेऊन आला. तेव्हापासून पाण्याचा घोट ठरत नाही. आणि तुम्ही हिला इथं बसवलंत?"

दोन महिने तिने जपलेली गोष्ट माझ्यामुळे अशी चव्हाट्यावर आली. रोग लागेल म्हणून लोक घरी यायचे बंद होतील, ही तिला भीती होती. तसंच झालं पुढे.

मी त्या दोघींबरोबर घरी गेलो. कारकून भिंतीकडे तोंड करून पडले होते, ओठ फुटलेले. मावशीने हात धुतले, घरातलंच तेल कोमट केलं आणि तळव्यांवरून अंगठा फिरवायला लागली, हळूहळू. मग आमसुलाच्या पाण्याने ओठ ओले केले. घोटभर पाजलं, थांबली, पुन्हा घोटभर. अर्ध्या तासात अर्धी वाटी गेली आणि ठरली.

"मुंबईच्या डॉक्टरांना सगळं सांगितलंय," बायको म्हणाली. "ते म्हणाले, तेलाने रोग जाणार नाही, रोगाला इंजेक्शनच. पण त्यामुळे इंजेक्शन सोसत असेल तर जरूर लावा."

"आणि इख?" मी विचारलं.

कारकुनांनी मान वळवली. "ते मीच तिला सांगितलं होतं. औषध म्हणजे एक विषच, रोगाला मारतं आणि मलाही थोडं मारतं." मग मावशीकडे बघून क्षीण हसले. "आम्ही शनवार तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, आणि तेल मात्र हिचं! फौजदारसाहेब, मी सुया हिच्या जिवावर घेतो. पुढची घ्यायची नाही, असं काल ठरवून टाकलं होतं."

पुढची त्यांनी घेतली, पण उशिरा. अंगात ताकद नाही म्हणून डॉक्टरांनी आधी परत पाठवलं होतं. त्या खंडाने किती नुकसान झालं ते मला ठाऊक नाही. विचारायची हिंमत झाली नाही. माझी बदली झाल्यावर वर्षभराने ते गेल्याचं कळलं. मावशी शेवटपर्यंत जात होती म्हणे. बाकीच्या घरांनी मात्र तिला बोलावणं सोडलं. पोलिसांनी विषासाठी बसवलेल्या बाईला बाळंतिणीच्या खोलीत कोण घेणार?

त्यानंतर मी जबाब बोलणाऱ्याच्याच शब्दांत लिहू लागलो, हाय तर हाय आणि नाय तर नाय. वरिष्ठ चिडायचे, चिडू दिलं. पण हे शहाणपण मला तपासातून आलेलं नाही.

बदलीच्या आधीच मुंबईहून अहवाल आला होता, विषारी पदार्थ नाही. बाटली परत द्यायला मी मावशीला बोलावलं. माफी मागायचं ठरवलं होतं, तोंडातून निघालं ते 'इथं अंगठा उठव' एवढंच. ती म्हणाली, "सायेब, त्या दिशीचा कागद वाचून दावा."

मी वाचला. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग वाकून त्या निळ्या ठशाकडे बघितलं.

"ह्या मी नाय बोलली, सायेब," ती म्हणाली. "पन अंगठा माजा हाय."